कचेरीची जागा आणि आठवड्याचे वार

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास जुन्या पनवेलमधील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आयात-निर्यातीच्या मालाचे कागद करणाऱ्या एका संस्थेच्या कचेरीत, मी मालकांची वाट पाहत बसलो होतो. पटावरच्या बहुतेक माणसांना आठवड्यातून तीन दिवस कचेरीत आणि दोन दिवस घरून काम करण्याची मुभा देण्यात आली होती, आणि त्या हिशेबाने मालकांनी वर्षभरापूर्वी एक तृतीयांश खुर्च्या काढून टाकून जागेचा एक भाग सोडून दिला होता. त्या सकाळी पाण्याच्या कूलरजवळ चार-पाच तरुण खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी न उतरवताच उभे होते. एक मुलगी बैठकीच्या खोलीत, दुसऱ्यांची बैठक चालू असताना, टेबलाचा एक कोपरा मागून घेऊन बसली होती, आणि नेहमीची जागा गेलेले एक वयस्क हिशेबनीस आपली वही छातीशी धरून एकेका रांगेतून नजर फिरवत होते. शुक्रवारी काही कागद घेण्यासाठी मी पुन्हा तेथे गेलो, तेव्हा त्याच दालनात जेमतेम पंधरा माणसे होती. दिवे मात्र सगळे लागलेले आणि वातानुकूलन यंत्रे सगळी चालू. एकाच आठवड्यात, एकाच छपराखाली, जागा अपुरीही होती आणि वायाही जात होती.

घरून आणि कचेरीतून असे आळीपाळीने काम करण्याची ही पद्धत, जिला आपण सारे आता ‘हायब्रिड’ म्हणतो, पनवेल, खारघर, कळंबोली, बेलापूर या पट्ट्यातील लहानमोठ्या संस्थांत चांगली रुळली आहे. परंतु जागेची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या मनातील मोजपट्टी अद्याप जुनीच आहे, आणि दहापासून शंभर माणसांपर्यंतची कचेरी चालवणाऱ्या गृहस्थांना मला जे सांगायचे आहे ते या मोजपट्टीविषयीच आहे. पटावर माणसे किती, यावरून जागा ठरवण्याचा काळ सरला. माणसे कोणत्या वारी एकत्र येतात, यावरून ती ठरवली पाहिजे, आणि म्हणून जागेला हात लावण्यापूर्वी वारांचा बंदोबस्त केला पाहिजे. आधी भिंत पाडून मग वार ठरवणाऱ्यांच्या वाट्याला कूलरजवळचा तो बुधवार येतो.

एका जागी, एका खुर्चीवर, रोज ठरलेल्या घटकेला बसणे हेच कचेरीचे सनातन स्वरूप आहे, अशी जी समजूत आपल्या मनात खोल रुजली आहे, तिला इतिहासाचा फारसा आधार नाही. पेशवाईत दफ्तर रुमालांत बांधले जाई, आणि स्वारीबरोबर कारकूनही मजल दरमजल करीत. इंग्रजी अमदानीतही कलेक्टर आणि मामलेदार हिवाळ्यात दौऱ्यावर निघत, तेव्हा गावाबाहेरच्या आमराईत तंबू ठोकून तेथेच कचेरी भरे. ठाम जागेची आणि घड्याळाची कचेरी खऱ्या अर्थाने मोठी झाली ती मुंबईत, आणि तिला माणसे पुरवण्याचे काम लोकल गाडीने केले. पनवेलपर्यंत हार्बर मार्ग १९९८ मध्ये आला, आणि तेव्हापासून या गावातील हजारो कुटुंबांचा दिवस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या सुमारे सव्वा तासाच्या प्रवासाला बांधला गेला. गाडी येथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते, एवढेच काय ते समाधान.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ही गाठ एका फटक्यात सुटली. जून २०२० मध्ये निर्बंध थोडे सैल झाले, त्या वेळी राज्य शासनाने खासगी कचेऱ्यांना केवळ दहा टक्के उपस्थितीची परवानगी दिली होती, हे आता आठवले तरी खरे वाटत नाही. त्या काळातील अनुभवावरून काहींनी कचेरी संपली असे ठरवून टाकले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या बलाढ्य कंपनीने एप्रिल २०२० मध्ये असे जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत एका वेळी आपल्या पाव मनुष्यबळानेच कचेरीत असणे पुरेसे होईल. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले. यात कोणाची चूक काढण्याचा हेतू नाही. एवढ्या मोठ्या, अभ्यासू संस्थेचाही अंदाज साडेतीन वर्षांत फिरतो, तर लहान संस्थेने आजच्या सवयीवर विसंबून नऊ वर्षांच्या जागेचा निर्णय एका बैठकीत घेऊ नये, इतकेच यातून घ्यावयाचे.

आता मोजणीकडे येऊ. ती नीट झाली तर पुढचे बरेचसे काम आपोआप सुकर होते. हिशेब समजण्यासाठी साठ माणसांची एक कचेरी धरू. प्रत्येकाने तीन दिवस यावयाचे, म्हणजे आठवड्याच्या एकूण हजेऱ्या एकशे ऐंशी, आणि पाच दिवसांची सरासरी छत्तीस. येथवर कोणीही येतो, छत्तीसच्या जागी चाळीस खुर्च्या ठेवतो आणि आपण उदार झालो असे समजतो. परंतु दिवस निवडण्याचे स्वातंत्र्य ज्याचे त्याला दिले, की माणसे सरासरीने येत नाहीत. शुक्रवारी कोणाला गावी जायचे असते, सोमवारी कोणी गावाहून परतत असतो, आणि शिवाय ज्या दिवशी इतर येतात त्याच दिवशी आपणही यावे, ही मनुष्याची स्वाभाविक ओढ असते. म्हणून सोमवारी चौतीस, मंगळवारी सत्तेचाळीस, बुधवारी एक्कावन्न, गुरुवारी बत्तीस आणि शुक्रवारी सोळा अशी विभागणी होऊ शकते. बेरीज एकशे ऐंशीच, सरासरी छत्तीसच. परंतु चाळीस खुर्च्यांच्या कचेरीत बुधवारी अकरा माणसे उभी, आणि शुक्रवारी चोवीस खुर्च्या मोकळ्या.

याच साठ माणसांचे वीस-वीसचे तीन गट करावेत. पहिल्या गटाने सोमवार, मंगळवार, गुरुवार. दुसऱ्याने सोमवार, बुधवार, गुरुवार. तिसऱ्याने मंगळवार, बुधवार, शुक्रवार, असे वार वाटून घ्यावेत. कोणत्याही दिवशी चाळीसपेक्षा अधिक माणसे येत नाहीत, शुक्रवारी एकच गट असतो, आणि विशेष म्हणजे कोणत्याही दोन गटांची आठवड्यातून एकदा तरी समक्ष गाठ पडते. चार खुर्च्या पाहुण्यांसाठी आणि अडीअडचणीसाठी जादा ठेवल्या, म्हणजे चव्वेचाळीस आसनांत साठ माणसांची कचेरी कोणालाही उभे न ठेवता चालते. गट पाडताना मात्र आडनावांच्या अनुक्रमाने किंवा वरिष्ठतेने पाडू नयेत. ज्यांना एकमेकांचा कागद हातात घेऊन बोलावे लागते ते एका गटात असावेत. घरून दोन तास प्रवास करून आलेला मनुष्य कचेरीत बसून दिवसभर कानाला हेडफोन लावून घरीच असलेल्या सहकाऱ्याशी व्हिडिओवर बोलत असेल, तर त्याचा तो दिवस आपण फुकट घालवला, असे मी समजतो.

ही मोजणी कधी करावी, यालाही आपल्याकडे महत्त्व आहे. जून ते सप्टेंबरचे आकडे घेऊ नयेत, कारण पावसात हार्बर मार्ग थांबला की हजेरीपट खोटे बोलू लागतो. गणपतीच्या आसपासचे दिवस तर अजिबात घेऊ नयेत. रायगड-रत्नागिरीचा मनुष्य त्या दिवसांत कचेरीत सापडत नाही, आणि तसे त्याने सापडूही नये. दिवाळीनंतरचे सहा आठवडे घ्यावेत, रोज सकाळी अकरा आणि दुपारी तीन अशा दोन वेळा शिपायाकडून खुर्च्यांवरची माणसे प्रत्यक्ष मोजून घ्यावीत, आणि केवळ दाराशी लावलेल्या हजेरीच्या यंत्राच्या आकड्यांवर विसंबू नये. कार्ड लावून खाली चहाला गेलेला मनुष्य यंत्राच्या लेखी खुर्चीवरच असतो.

वाचलेली सगळी जागा इमारतीच्या मालकांना परत करण्याची घाई करू नये. आमच्या उदाहरणात सोळा आसने कमी झाली. येण्याजाण्याची वाट आणि कपाटे धरून एका आसनामागे साठ चौरस फूट धरले, तर सुमारे साडेनऊशे चौरस फूट मोकळे होतात. त्यांपैकी निम्मे तरी कचेरीतच वेगळ्या कामी लावावेत, असा माझा आग्रह आहे, कारण हायब्रिड पद्धतीत कचेरीत बोलण्याचे काम वाढते आणि एकट्याने मान खाली घालून करावयाचे काम बहुतांशी घरी जाते. बारा माणसांची एक भव्य बैठकीची खोली असते, तीत बहुधा दोनच माणसे बसलेली आढळतात. तिच्याऐवजी तिघा-चौघांच्या दोन खोल्या, आणि एकट्याने दार लावून फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता यावे अशा दोन लहान कोठड्या कराव्यात. ज्या बैठकीत काही माणसे खोलीत आणि काही पडद्यावर असतात, तीत पडद्यावरच्यांना ऐकूच येत नाही अशी सार्वत्रिक तक्रार असते. तिला उपाय टेबलाच्या मध्यावर ठेवलेल्या बऱ्यापैकी मायक्रोफोनचा आहे, आणि त्याहून अधिक, प्रत्येक विषय संपताना आधी पडद्यावरच्या मनुष्याला विचारण्याच्या शिरस्त्याचा.

ठाम जागा जाण्याचे दुःख मात्र कोणी हसण्यावारी नेऊ नये. मी ज्या कचेरीचे वर्णन वर केले, तेथे जागा बदलण्याच्या दिवशी एका बाईंनी आपला खण रिकामा केला, तो मला पाहायला मिळाला. त्यातून निघाले ते असे: गणपतीचा एक लहानसा फोटो, अमृतांजनची बाटली, चष्म्याचे जुने घर, लोकलचे मुदत संपलेले तीन पास, सेफ्टी पिना, मुलाच्या शाळेतील एक चिठ्ठी, आणि स्टीलचा एक चमचा. हे सारे त्या घरी नेऊन रोज परत आणणार नव्हत्या, आणि त्याशिवाय त्यांचा दिवस पुरा होणारही नव्हता. म्हणून सामायिक आसनांची व्यवस्था करताना प्रत्येकाला कुलपाचा स्वतःचा लॉकर मिळालाच पाहिजे, आणि तो डबा, छत्री आणि पावसाळी चपला मावतील एवढा असला पाहिजे; पुस्तकाएवढ्या लॉकरने पैसे वाचतात आणि मने दुखावतात.

काही आसने तर सामायिक करूच नयेत. रोकड आणि धनादेश सांभाळणारा, दाराशी येणाऱ्यांची विचारपूस करणारा, अपंगत्वामुळे ज्याच्यासाठी टेबलाची उंची किंवा वाट मुद्दाम बदलली आहे तो, गरोदर स्त्री, आणि ज्यांची कमर किंवा मान दुखते अशी वयस्क माणसे, यांची जागा कायम असावी. उरलेल्यांपैकी कोण आज कोठे बसणार, याची नोंद मोबाइलवरच्या अॅपने होते, ते उत्तमच. परंतु पन्नासच्या आतील कचेरीला त्याची गरज पडत नाही. दाराशी फळ्यावर आसनांचा नकाशा काढून आदल्या संध्याकाळी नाव घालण्याची पद्धत मी दोन ठिकाणी पाहिली आहे, आणि ती यंत्रापेक्षा अधिक विश्वासाने चालते, कारण आपले नाव खोडून दुसऱ्याचे घालणे सर्वांच्या देखत करावे लागते.

कचेरीतून वाचलेले चौरस फूट कोठे तरी जातात, हे मालकांनी विसरू नये. ते कर्मचाऱ्याच्या घरात जातात. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे येथील एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या सदनिकांत, जेथे सासूबाई दुपारी टीव्ही लावतात, मुलगा दहावीला आहे आणि कुकरच्या शिट्ट्या भिंतीपलीकडून ऐकू येतात, तेथे कचेरीने आपली एक खुर्ची नेऊन ठेवली आहे, आणि तिचे भाडे ते कुटुंब भरते. म्हणून घरून कामाची मुभा देताना मालकाने प्रत्येकाला विचारावे, की तुमच्याकडे दार लावता येण्याजोगी जागा आहे का. आणि ज्याचे उत्तर नाही असे येईल, त्याला पाचही दिवस कचेरीत बसण्याचा हक्क द्यावा, तोही त्याला ओशाळे वाटू न देता. घरी खुर्ची, दिवा आणि इंटरनेट यांसाठी एकरकमी किंवा दरमहा काही रक्कम देण्याची तजवीज वाचलेल्या भाड्यातून सहज होते. पनवेल परिसरात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत, आणि तासावर वा महिन्यावर आसन देणाऱ्या कोवर्किंगच्या जागाही आहेत; मुंबईला माणसे पाठवणाऱ्या संस्थेने येथे राहणाऱ्या आपल्या आठ-दहा जणांसाठी अशी चार आसने घेतली, तर आठवड्यातील दोन दिवसांचे प्रवासाचे पाच-सहा तास वाचतात आणि स्वयंपाकघरातील टेबलही मोकळे राहते. मोठ्या गृहसंकुलांतील क्लबहाउस दुपारी रिकामे असते. सोसायटीने सभेत ठराव करून ते सभासदांना शांत कामासाठी दुपारपुरते खुले केले, तर कोणाचेच काही जात नाही.

घरून काम करता येणारी माणसे आणि न येणारी माणसे असा नवा भेद कचेरीत उभा राहतो, याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते. न्हावा-शेवा बंदराच्या कामावर जगणाऱ्या संस्थेत कागद करणारा मनुष्य घरून संगणकावर सीमाशुल्काचे अर्ज भरू शकतो. बंदराच्या फाटकावर कंटेनरबरोबर उभा राहणारा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल मोजून घेणारा, तळोजाच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, आणि कचेरीतीलच शिपाई व सफाईची बाई, यांना ती सवलत कधीच मिळावयाची नाही. त्यांना निदान पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी द्यावे, प्रवासभत्ता वाढवावा, आणि उपस्थिती कमी झाली म्हणून सफाईच्या कामाचे दिवस कापून कोणाची मजुरी घटवू नये. ती बाई पाच दिवस येते असे धरूनच तिने आपला महिना आखलेला असतो.

कायद्याच्या दोन बाबी येथेच सांगून टाकतो. मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ साली झालेल्या सुधारणेने प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यानंतर, कामाचे स्वरूप तसे असल्यास, उभयतांच्या संमतीने घरून काम करण्याची वाट कायद्यानेच मोकळी केली. तिचा उपयोग करावा. त्याच सुधारणेने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली, आणि ही संख्या कर्मचाऱ्यांची आहे, त्या दिवशीच्या हजेरीची नाही. खुर्च्या चव्वेचाळीस झाल्या म्हणून पटावरची साठ माणसे चव्वेचाळीस होत नाहीत.

जागेचा करारनामा हा यापुढचा भाग, आणि येथे बहुतेकांचे हात पोळतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये बंधनकारक आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मसुद्यातील ‘लॉक-इन’ची मुदत, म्हणजे ज्या काळात जागा सोडता येत नाही ती, वाचून सही करणारे थोडेच भेटतात. हायब्रिड पद्धतीच्या संस्थेने ही मुदत शक्य तितकी आखूड मागावी, आणि ठराविक काळाने लेखी सूचना देऊन जागेचा एखादा भाग परत करण्याची मुभा, त्या प्रमाणात अनामत परत मिळण्याची तरतूद, आणि मधल्या भिंती काढून जागा पूर्ववत करण्याचा खर्च कोणाचा, हे तिन्ही मुद्दे मसुद्यात स्पष्ट शब्दांत घालून घ्यावेत. जागेचे मालक यासाठी थोडे अधिक भाडे मागतील, ते द्यावे. पनवेलच्या बाबतीत तर हे अधिकच निकडीचे आहे. १८५२ पासूनची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या गावातून माणसे कामाला बाहेर जात, त्या गावातच आता कचेऱ्या येऊ पाहत आहेत, आणि अशा दिवसांत स्वतःला दीर्घ मुदतीत अडकवून घेणे आणि हाती असलेली चांगली जागा घाईने सोडून देणे, दोन्ही सारखेच महाग पडते.

विजेच्या बिलाकडेही एकदा पाहून घ्यावे. मोठ्या जोडण्यांवर महावितरणचा स्थिर आकार मंजूर मागणीशी निगडित असतो, आणि माणसे निम्मी झाली तरी तो आपणहून कमी होत नाही. वातानुकूलन यंत्रांचे विभाग वेगळे करून, वर्षभराची बिले समोर ठेवून, विद्युत अभियंत्याच्या सल्ल्याने ती मागणी कमी करण्याचा अर्ज द्यावा. शुक्रवारी एकच गट येतो तो दालनाच्या एकाच बाजूला बसवावा, आणि दुसऱ्या बाजूचे खटके बंद ठेवावेत.

अर्धी रिकामी कचेरी कोकणच्या हवेत फार लवकर बिघडते, हे मी अनुभवाने शिकलो. जुलैमध्ये चार दिवस बंद राहिलेल्या एका खोलीत गेलो, तेव्हा रेक्झिनच्या खुर्च्यांवर हिरवट पांढरी बुरशी धरली होती, करारांच्या फायलींचे पुठ्ठे फुगले होते, आणि कुबट वासाने तेथे उभे राहवत नव्हते. पावसाळ्यात कोणतीही खोली सलग दोन दिवसांहून अधिक बंद ठेवू नये. गट बसवतानाच त्यांच्या बाजू आठवड्याआड बदलाव्यात, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात माणसे बसतात आणि हवा खेळते. मूळ कागद जमिनीलगतच्या कपाटात मुळीच ठेवू नयेत. २६ जुलै २००५ चा महापूर ज्यांनी या भागात पाहिला आहे, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. वातानुकूलन यंत्राखालचे पाणी, कुंड्यांच्या थाळ्या आणि न वापरलेल्या स्वच्छतागृहातील बादल्या दर शुक्रवारी निघताना रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात, कारण डेंग्यूच्या डासाला रिकामी कचेरीच आवडते. आणि सोमवारी जो प्रथम कुलूप उघडेल, त्याने खिडक्या पंधरा मिनिटे सताड उघड्या टाकाव्यात, प्रत्येक नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, आणि कूलरमधील तीन दिवसांचे शिळे पाणी ओतून देऊन तो पुन्हा भरावा. बाकीची माणसे दहाच्या गाडीने उतरून जिना चढेपर्यंत एवढे सहज होते.